चार खांबांचा गुणाकार

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्या तीन मजली घराच्या चार खांबांना तडे गेले होते. शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोल खोदकाम चालू होतं. घरमालकीण अक्का, कित्येक पिढ्यांपासून इथलीच मराठी बाई, अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन तळमजल्यावर राहायची. वर दोन भाडेकरू कुटुंबं. घर पडण्याची शक्यता किती, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

मी पुण्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअर, हिशेबात पक्का, निदान तसा माझा समज. खांबांतल्या काँक्रीटचे नमुने तपासायला गेले होते, पण अक्काला घाई होती आणि मलाही. एक खांब गेला तर बाकीचे भार उचलतील, म्हणजे घर पडायला चारही जायला हवेत. मी चारांच्या शक्यता एकमेकींनी गुणल्या. उत्तर अगदी नगण्य आलं. नुकत्याच शिकलेल्या कन्नडची ऐट मिरवत मी फोनवर सांगून टाकलं, "धोका स्वल्प आहे, अक्का."

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. चारही नमुने सारखेच भुसभुशीत. एकाच दिवशी, एकाच वाळूत, एकाच मिस्त्रीनं भरलेले खांब! एक कच्चा तर चारही कच्चे. गुणाकार करायचा तो वेगवेगळ्या नशिबांचा. इथं नशीब एकच होतं. इथंच घोडं पेंड खात होतं आणि मला, इतकी वर्षं हेच काम करणाऱ्याला, ते दिसलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

अक्काचा फोन लागेना, म्हणून एचएसआर लेआउटमधल्या माझ्या ऑफिसातून ऑटो केली. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी त्या खांबांना हात जोडत होतो.

अक्का दारात भाजी निवडत बसली होती.

"अक्का, सगळ्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर या!"

"काय ओ अण्णा, स्वल्प म्हणून तुम्हीच सांगितलात की. स्वल्पाला कोण घर सोडतंय? आईला मी एकटी उचलू कशी?"

"माझं गणित चुकलं."

"तेव्हा चुकलं की आता चुकतंय? आम्हाला कसं कळायचं?"

मी विनवलं, ओरडलो, रडकुंडीला आलो. ती शांतपणे म्हणाली, "सरी, बरं. आत या, कॉफी घ्या, बसून सांगा."

मी हललो नाही. आल्यापासून मी फाटकाबाहेरूनच बोलत होतो, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. "अय्यो!" म्हणत ती उठली, वरच्या भाडेकरूंना हाका मारत आत धावली. तिनं आणि एका भाडेकरूनं चादरीत घालून म्हातारीला बाहेर आणलं, तेव्हाही माझा पाय आत पडला नव्हता.