बुधवारचा फोन

बुधवार, ५ नोव्हेंबर. दिवसभर पाऊस. ऑफिसातून सायकलने सहाला घरी आलो, ओले बूट हीटरजवळ ठेवले. सुमनताई पुढच्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मजकूर द्यायचा आज शेवटचा दिवस. मला लेखनाची सवय नाही. जे घडलं ते सांगतो.

ताईंची ओळख चार वर्षांपूर्वी, इथल्या बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या एका सभागृहात, बुद्धवंदनेनंतर खुर्च्या आवरताना झाली. जवळच्या हार्लेम शहरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, आई कुठे असतात. मी म्हणालो, नागपूरला, एकटीच. दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल करतो, तब्येत छान आहे. हे मी जरा अभिमानानेच सांगितलं असणार.

"रविवारी त्या तयार होऊन बसत असतील," ताई म्हणाल्या. "एकदा बुधवारी फोन करून बघ. आणि कशी आहेस, असं विचारू नकोस. जेवायला काय केलं, ते विचार."

मला राग आला. तीन बुधवार मी जाऊ दिले. चौथ्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. आईने तो बऱ्याच वेळाने उचलला. केस मोकळे, खोलीत दिवा नाही. "आज रविवार आहे का रे?" तिने घाबरून विचारलं. सकाळपासून तिने चहा-बिस्किटांवर काढलं होतं. हात थरथरतो म्हणून गॅस पेटवणं तिने केव्हाच सोडलं होतं. रविवारी शेजारच्या वहिनी येऊन तिची वेणी घालत, इस्त्रीची साडी नेसवत.

मी ताईंना कळवलं. त्या संध्याकाळी त्या हार्लेमहून माझ्याकडे आल्या. आईला इकडेच आणतो, असं मी म्हणत होतो. त्यांनी मला आधी आईलाच विचारायला लावलं. आई नको म्हणाली. मग गल्लीतल्याच एक बाई सोबतीला ठरल्या. त्यांना ताईंनी व्हिडिओवरून सगळं शिकवलं: उठवताना आधार कुठे द्यायचा, पाठ कशी पुसायची, गोळ्यांचं पाकीट रोज कॅमेऱ्यासमोर का धरायचं. चुकलं की रागवायच्याही. "बाई, माझ्या हाताखाली डच पोरी रडल्यात," असं म्हणायच्या, आणि पलीकडून बाईंसकट आई हसायची. असं ताईंनी इथल्या कितीतरी घरांसाठी केलं आहे.

आई त्यानंतर तीन वर्षं होती. मी वर्षातून दोनदा जाऊन राहिलो. या मार्चमध्ये ती गेली तेव्हा मी जवळ होतो.

परतलो त्या आठवड्यात, बुधवारी, ताईंचा फोन आला. "जेवायला काय केलंस?" मी विषय बदलला. दीड तासाने त्या झुणका-भाकरी घेऊन दारात उभ्या. माझं जेवण होईपर्यंत बसल्या, आईचा विषय काढला नाही. डबा मुद्दाम ठेवून गेल्या, परत द्यायला मी यावं म्हणून.

ताईही आता एकट्याच असतात, लेक मेलबर्नला. डबा द्यायला गेलो तेव्हा मी विचारलं, ती फोन कधी करते. दर रविवारी, त्या म्हणाल्या. मग डबा फडताळात ठेवत म्हणाल्या, "रविवारी मीही केस विंचरूनच बसते रे."

तेव्हापासून ताईंचा बुधवार माझ्याकडे आहे.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. बुधवारी अवेळी वाजलेला फोन त्यांनी पुढची कित्येक वर्षं वैतागून उचलावा आणि खरं तेच सांगावं, एवढं माझं मागणं आहे.

आत्ताच फोन केला. त्यांनी पालकाची भाजी केली होती. तू काय केलंस, त्यांनी विचारलं. अजून काही नाही, मी म्हणालो. फोन ठेवला, आणि एका माणसाचा भात लावला.