सूर्यमाळवर चालतं का?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांच्या पाठोपाठ मी जव्हारच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या सरांचं नाव घेईन. आणि ‘नसेल तर?’ हा प्रश्न त्यांच्याइतक्या वेळा विचारणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झालेला नाही, हेही त्याच दमात सांगेन. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेमागे पत्ता असा छापला होता : ‘डेपोपासून रिक्षा करावी. रिक्षा नसेल तर दहा मिनिटं चालावं. वाट सापडली नाही तर कोणालाही विचारावं. कोणी दिसलं नाही तर सगळे मांडवात आहेत असं समजून आवाजाच्या दिशेनं यावं.’ सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगायच्या, की स्वतःच्या लग्नात मंगळसूत्र आणायला कोणी विसरलं तर, म्हणून सरांनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून खिशात ठेवलं होतं. मी विचारलं, ‘‘मग लागलं का?’’ काकू म्हणाल्या, ‘‘कुठचं! पण अजून कपाटात आहे. म्हणतात, असू दे.’’

क्लासमध्ये सहा कॉम्प्युटर होते. पाचांवर सगळं काही होतं आणि खिडकीजवळच्या सहाव्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. प्रोग्राम लिहिताना इतरांनी तयार करून ठेवलेली पॅकेजं वापरता येतात. काही लागतातच, काही असली तर काम देखणं होतं. सहाव्या कॉम्प्युटरवर यातलं एकही पॅकेज टाकायला सक्त मनाई होती. कोणी चुकून टाकलंच, तर सर ते अंगावरची गोचीड काढावी तसं काढून टाकत. प्रत्येक नवा धडा आधी तिथे चालवून बघायचा, मगच वाटायचा. आणि त्या कॉम्प्युटरचं त्यांनी ठेवलेलं नाव होतं सूर्यमाळ.

मी सूर्यमाळ गावच्याच एका पाड्यावरचा. घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. क्लासच्या पहिल्या दिवशी कोणीतरी म्हणालं, ‘‘सूर्यमाळवर काहीच नाही,’’ आणि सगळे हसले. मी पिशवी उचलली. सरांनी दारातच गाठलं.

‘‘कुठे निघालास?’’

‘‘घरी. काही नसतं तिथे.’’

‘‘बरं. उन्हाळ्यात विहीर आटली की तुझी आई चूल पेटवत नाही का?’’

‘‘पेटवते. लांबून पाणी आणते.’’

‘‘मग? जे तिथे चालतं ते कुठेही चालतं. अरे, चिडवायला नाही दिलं नाव. ती आमची परीक्षा आहे. बस खाली.’’

मी बसलो. त्या बसण्यावरच पुढे पदवी झाली, नोकरी झाली. पण मोठा धडा मिळाला तो नंतर, आणि तो माझ्या चुकीतून मिळाला.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी क्लासमध्ये शिकवायला मदत करत होतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी सरांनी मला सरावाचा कागद लिहायला सांगितला. मी आपल्या जव्हारच्या बारा महिन्यांच्या पावसाचा प्रोग्राम लिहिला : आकडे वाचायचे, बेरीज करायची, सरासरी काढायची आणि शेवटी रंगीत आलेख. आलेखासाठी वेगळं पॅकेज लागतं. ते माझ्याकडे होतं, म्हणून ते सगळ्यांकडे असणार असं धरून मी पहिल्याच ओळीत त्याला हाक मारली. आलेख इतका सुंदर आला होता की सूर्यमाळवर चालवून बघायचं राहूनच गेलं.

क्लासमधली साखरशेत गावची एक मुलगी तो कागद आणि क्लासचा जुना लॅपटॉप घेऊन घरी गेली होती. तिथे ना ते पॅकेज, ना ते उतरवून घ्यायला रेंज. सुट्टी संपली तरी ती आली नाही. एक दिवस एसटीच्या कंडक्टरनं साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला लॅपटॉप आणून दिला. सोबत चिठ्ठी : ‘सर, मला जमत नाही. माझंच चुकत असेल. दुसऱ्या कोणाला द्या.’

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझा कागद सूर्यमाळवर चालवला. पहिल्याच ओळीला चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. त्यांनी चपला घातल्या, लॅपटॉप काखेत मारला आणि मला मानेनं ‘चल’ अशी खूण केली.

मुलगी दुसऱ्याच्या शेतात बापाबरोबर नाचणी कापत होती. चार दिवसांनी दोघं भिवंडीकडे कामाला निघणार होते. एकदा गेली की ती परत येणार नाही, हे बांधावर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

‘‘लॅपटॉप का पाठवलास गं?’’

‘‘माला नाय जमत, सर. पयल्याच ओळीला लाल झाला.’’

‘‘पहिल्या ओळीला माणूस चुकत नसतो, बाई. पहिल्या ओळीला कागद चुकतो. आणि कागद लिहिणारा हा बघ, सोबतच आणलाय.’’

बापानं विळा थांबवला. ‘‘मंग पोरीचा डोका बरा हाय ना, सर?’’

‘‘तिचं उत्तम आहे. याचं तपासायला काढलंय.’’

मुलगी तोंडाला ओढणी लावून हसली. मी बांधावरच बसून कागद नव्यानं लिहिला. पॅकेजला मारलेली हाक पहिल्या ओळीतून काढून शेवटी, आलेखाजवळ नेली. वर लिहिलं, की शेवटच्या पायरीला वेगळं पॅकेज लागतं, बाकी सगळं त्याच्याशिवाय चालतं. पॅकेज नसेल तर प्रोग्रामनं लाल न होता साध्या मराठीत सांगावं : ‘आलेखाचं पॅकेज नाही, म्हणून आलेख दाखवता येत नाही. बेरीज वर दिली आहे.’ सर खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, ‘‘भाकर होती रे. ठेचा नाही म्हणून तू ताटच पालथं घातलं होतंस.’’

मुलीनं प्रोग्राम चालवला. बेरीज आली, सरासरी आली आणि शेवटी ते मराठी वाक्य आलं. (लॅपटॉप चालू झाला नसता तर, म्हणून सरांनी सगळी उत्तरं वहीत लिहून आणली होती, हे परतीच्या एसटीत कळलं.) बापानं जवळ येऊन आकड्यांवर बोट ठेवलं.

‘‘हा आपल्याच पावसाचा?’’

‘‘आपल्याच,’’ मुलगी म्हणाली. ‘‘म्या काढला.’’

‘‘मंग ऱ्हा तू. मी जातो कामाला.’’

आता मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरावं याचे कागद लिहितो. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात एक रिकामा कॉम्प्युटर असतो. नवे लोक विचारतात, हा बंद आहे का? मी म्हणतो, नाही, हा सूर्यमाळ आहे. सर आता थकले आहेत, क्लासही बंद झाला. गेल्या आठवड्यात त्यांना पत्र पाठवलं, ते असं :

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. एक चूक कबूल करायची आहे. मागच्या महिन्यात घाईघाईत लिहिलेल्या एका उदाहरणात मी पुन्हा पहिल्याच ओळीत, सगळ्यांकडे नसतं ते पॅकेज मागितलं. सूर्यमाळवर चालवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कंपनीकडे निरोप आला : ‘नमस्कार. तुमचा कागद चुकला आहे. हे पॅकेज सगळ्यांकडे नसतं. ते शेवटी घ्या आणि वर तसं लिहा. माझी मुलं पहिल्या ओळीलाच अडकली.’ खाली नाव आपल्या साखरशेतच्या ताईचं होतं. ती आता मोखाड्याला शिकवते. कागद मी लिहिलाय हे तिला ठाऊक नव्हतं. सर, त्या निरोपात ‘माझंच चुकत असेल’ कुठेच नव्हतं. मी तीनदा शोधलं.

कागद त्याच दिवशी दुरुस्त केला. मग तिला फोन केला. ती आधी खूप हसली, नंतर म्हणाली, तुम्ही दिलेला सहावा कॉम्प्युटर तिनं शाळेत नेलाय आणि नावही तेच ठेवलंय.

हे तुम्हाला माझ्या तोंडूनही सांगायचं आहे, म्हणून रविवारी फोन करीन. रेंज नसेल तर घरी येईन. तुम्ही घरी नसाल तर ओट्यावर बसून राहीन.

तुमचा,
सूर्यमाळचा विद्यार्थी