रांगेतला तिसरा

इथे आखातात, शुवैखच्या गॅरेजात माझी गाडी बघणारा मेकॅनिक कोकणातला. सुटीत गावी गेला की आई त्याला मुली बघायला फिरवते, म्हणून यंदा तो थेट चीनला, शिआनला गेला. शहराची जुनी तटबंदी, घंटाघर उरकून तो मातीच्या सैनिकांच्या प्राचीन पुतळ्यांपाशी दिवसभर रमला.

"ताई, हजारो बॅचलर रांगेत उभे," बॉनेटमधून डोकं न काढता तो म्हणाला. "एकजण विचारत नाही, लग्न कधी!"

"आणि आई?"

"तिला फोटो पाठवला. म्हटलं, हे सगळे बिनलग्नाचेच."

तेलकट बोटाने मोबाइल दाबून त्याने आईचं उत्तर ऐकवलं: "डावीकडचो तिसरो बरो दिसता. माझ्या भाचीसाठी विचार त्याका."

"आता आई त्याच्या मागे आहे. मी सुटलो."

मी फोटो मोठा करून पाहिला. तिसरा खरंच बरा होता.