कॅपिटलमधले बाबा

कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम महिनाभर माझं डोकं खात होता. उघडला की एकच रड: फाइल फार मोठी झाली आहे, जुने मेल अर्काइव्ह करा. मी आपली 'नंतर' दाबायची. आळस म्हणा हवं तर. खरं म्हणजे त्या जुन्यांत बाबांचे मेल होते, आणि हलवाहलवीत त्यातला एक जरी गेला असता तर मी स्वतःला फोडून काढलं असतं.

बाबा माझगावला गोदीतल्या एका हपिसात टायपिस्ट होते. सगळी नोकरी इंग्रजी टायपिंगमध्ये गेली. मराठी कीबोर्ड काही ते शिकले नाहीत. मी नोकरीसाठी बंगळूरला गेले. परळच्या घरी माझा फोन आला की आई तो सोडायचीच नाही, म्हणून बाबांनी मेल धरला. दर रविवारी एक. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, सगळं कॅपिटल. सुरुवात ठरलेली: JAY BHIM BALA.

"बाबा, हे बाळा आहे की बला?" मी एकदा विचारलं.

DONHI, उत्तर आलं.

काय माणूस होता! जाऊन चार वर्षं झाली. अजून रविवार उजाडला की जीव तुटतो माझा. मी परत आले, चाळीच्या जागी टॉवर झाला, आम्ही सतराव्या मजल्यावर गेलो. सामान हलवताना बाबांचे मेल असलेला तो जुना सीपीयू मी टेम्पोत मांडीवर घेऊन बसले होते. सगळे हसले. हसू देत.

परवा रविवारी सकाळी शेवटी बसले एकदाची. वर्षाप्रमाणे फोल्डर केले आणि आलेले, पाठवलेले सगळे एकत्र टाकले. आजवर मी फक्त त्यांचेच मेल वाचायची. माझे कोण वाचत बसतंय? आता तारखेने लावल्यावर त्यांच्या प्रत्येक मेलखाली माझं उत्तर येऊन बसलं. ओके बाबा. बिझी आहे बाबा. नंतर लिहिते. लाज वाटली मला.

पहिल्याच वर्षातला, तिसरा की चौथा मेल असेल. TU GELYAPASUN MAN DUKHTAY.

खाली मी: "सारखं कॉम्प्युटरपुढे बसू नका. उशी बदला."

त्याखाली ते: USHI BADALLI. BARA AAHE.

तेव्हा मी 'मान दुखतेय' असं वाचलं होतं. मानच की! मी गेल्यापासूनच तर ते त्या बुटक्या स्टुलावर बसून मेल टाइप करायला लागले होते. आणि मन-बिन म्हणणाऱ्यांतले नव्हतेच बाबा. मला स्टेशनवर सोडायला आले तेव्हासुद्धा "पाण्याची बाटली घेतलीस ना?" एवढंच बोलले. पण परवा ती ओळ पुन्हा वाचली आणि वाटलं, हे 'मन दुखतंय' असेल तर? एका कान्याचा तर फरक, DUKHTAY दोन्हींना चालतं. आणि इंग्रजीत कुठला आलाय काना!

मेल तसाच उघडा ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. आई सुकट निवडत बसली होती. मनातल्या मनात म्हणत होते, मानच असू दे. बाकी काही नको, मानच असू दे.

"आई, मी बंगळूरला गेले तेव्हा बाबांची मान दुखायची का गं?"

"मान?" आईने वर बघितलं. "छे! एवढी वर्षं टायपिंग केलं, पण मान नाही की पाठ नाही. तक्रार म्हणून नाही कधी."

मी तिच्याजवळ बसले.

"पण बरी आठवण काढलीस," ती पुन्हा सुकटीकडे वळत म्हणाली. "तेव्हा एकदा उठले आणि दादरला जाऊन नवी उशी घेऊन आले. घरात चांगल्या तीन उशा! म्हटलं, ही आणि कशाला? तर म्हणाले, असू दे, पोरीने सांगितलंय."