दोन कड्यांचा शब्द

आजऱ्याहून पुतणीचा फोन आला तेव्हा मी एका ग्रीक शब्दाची फोड पुटपुटत होते. लेकीकडे गेलेल्या आक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, सकाळी झोपेतच गेल्या होत्या…

मंगळवार पेठेतल्या एकाच घरात आम्ही दोघींनी निम्मे आयुष्य काढले. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. ग्रीक मात्र निवृत्तीनंतर, पुस्तकावरून, जमेल तसे सुरू केले. महिला मंडळाने त्यावर बोलायला सांगितले आणि माझी झोप उडाली. निवडला तो ‘अम्फोरा’ हा शब्द : तेल, मद्य नेण्याचा दोन कानांचा उंच मातीचा रांजण. आक्का मेथी निवडत होत्या, मी त्यांना सांगून पाहत होते. ‘अम्फि’ म्हणजे दोन्ही बाजूंनी, ‘फेरेइन’ म्हणजे वाहणे. आपला ‘भार’ त्याच कुळातला.

“मग आपलं घंगाळच की.”

“घंगाळ तांब्याचं, आक्का. हा मातीचा.”

“असंना मातीचा. उचलायला दोघी लागत्यात का न्हाय?”

मूळ शब्द ‘अम्फिफोरेउस’. सारखाच ध्वनी लागोपाठ आल्याने बोलता बोलता एक अक्षर गळले आणि ‘अम्फोरेउस’ उरले, त्याचेच पुढे रोमन लोकांनी ‘अम्फोरा’ केले, असे मी म्हणाले. आक्कांनी मान वर केली.

“तुझ्यासारखीच हायती की ती माणसं. सासूबाई नोकरी सोड म्हणाल्या, तवा तू ‘न्हाय’ म्हणालीस ते मला एकटीलाच ऐकू आलं. मोठ्यानं मलाच सांगाय लागलं.” मग जुडी झटकत म्हणाल्या, “मंडळात मी म्होरंच बसती. अक्षर गिळलंस की खोकती.”

त्या आजऱ्याला निघण्यापूर्वी आम्ही दोघींनी घंगाळ दोन कड्यांना धरून घासायला परसात नेले आणि धुऊन तिथेच पालथे घातले.

पुढे ढकललेले ते व्याख्यान परवा झाले. पुढची एक खुर्ची रिकामी होती. मी शब्द पूर्ण उच्चारला. तरी मागून कोणी तरी “ऐकू येईना” म्हणाले, म्हणून पुन्हा उच्चारला. खोकले कोणीच नाही.

घरी आले तर सूनबाई परसात, पालथ्या घंगाळापाशी उभी होती. “आई, हे कुणी वापरत नाही आता. माळ्यावर टाकू?”

“नाही,” मी म्हणाले.

पुढच्या खोलीतून मुलाने विचारले, “काय झालं आई, एवढ्या मोठ्यानं?”