पाणी मागायची भाषा

ब्राह्मी म्हैसूरला वाचेचे आजार शिकत होती. निपाणीत तिच्या घरी हे कुणाला धड सांगता यायचं नाही. वडील बाबगोंडा वखारीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगी डॉक्टरीण व्हणार, जिभेची." एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिला विषय निवडायचा होता, आणि तिच्या सरांनी तो निवडूनच ठेवला होता: तोतरी मुलं. शाळांतून ढिगानं मिळतात, काम लवकर उरकतं. ब्राह्मीला त्यात काडीचाही रस नव्हता. आपल्याला रस कशात आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती बेळगावच्या एका इस्पितळात सरावाला आली आणि माझ्याकडे उतरली. मी मूळची तिच्याच गल्लीतली, बेळगावात मास्तरीण. इस्पितळात तिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, म्हणून मीच तिला शेजारच्या ज्योतिबा अण्णांकडे नेलं.

अण्णा उद्यमबागेतल्या फौंड्रीत साचे करायचे. पण त्यांना सगळे ओळखायचे ते सीमा-आंदोलनामुळे. तरुणपणी तुरुंगात गेले आणि तिथून सुटल्यावर कन्नडचा एक शब्द तोंडातून काढला नाही. कंडक्टर कन्नडात बोलला तर बसमधून उतरून चालत जाणारा माणूस. त्यांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. निदान घरचे तसं सांगत होते.

ब्राह्मीनं खाटेजवळ स्टूल ओढलं. वाटी दाखवली, चष्मा दाखवला. "हे काय, आजोबा?" अण्णांचे ओठ हलले, कपाळावर घाम आला, शब्द काही येईना. शेवटी दमून त्यांनी डोळे मिटले आणि स्वच्छ म्हणाले, "अव्वा, नीरु."

कन्नडात आई, पाणी. बेळगावात हे न कळणारं कोण आहे? कळत होतं हीच तर अडचण होती. त्यांची बायको तानीबाई भिंतीकडे बघायला लागली. मुलगा भीमसेन पुढं झाला.

"ताई, ही वाचा न्हवं. नुसती बडबड हाय."

"पाणी मागितलं त्यांनी. द्या की."

"मराठीत मागू देत. मग देतो."

त्याला वाटायचं, तहान लागली की जीभ आपोआप वळणावर येईल. बापाचं भलंच करतोय अशी त्याची समजूत होती. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

परसात तानीबाईनं हळूच सांगितलं, "सासूबाई गोकाककडच्या, कानडी. ह्ये लहानपणी आजोळीच वाढलेले. कुणाला म्हाईत न्हाय, बाई. भायेर बोलू नगा."

घरी येताच ब्राह्मी म्हणाली, "आक्का, मला माझा विषय सापडला! दोन भाषांतलं माणूस आजारी पडलं की कुठली भाषा उरते, आणि उरलेलीचं बोट धरून दुसरी परत आणता येते का. अण्णांना कानडीत बोलू दिलं तर मराठीही येईल, असं वाटतंय. खात्री न्हाय. पण बोलूच दिलं न्हाय तर दोन्ही जातील."

तिचा चेहरा असा फुलला होता की मला राग आला. एका माणसाचं बोलणं बुडत होतं आणि हिला विषय सापडला होता. मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "म्हणूनच सापडला, आक्का."

भीमसेन कामावर गेला की ती जायची. आजीकडून शिकलेल्या कन्नडात अण्णांशी बोलायची. ते एकेका शब्दानं उत्तर द्यायचे, पाणी मागायचे, प्यायचे. एका सकाळी दारात तिला बघून म्हणाले, "ये." मराठीत. तानीबाई पदर तोंडात कोंबून रडली.

त्याच आठवड्यात आंदोलनातले जुने सोबती भेटायला आले. अण्णांना त्यांना बघून आनंद झाला, आणि आनंदात जे तोंडात आलं ते कन्नडच होतं. माणसं चहा न घेताच उठली. संध्याकाळी भीमसेननं ब्राह्मीला दारातच अडवलं.

"तुमी निपाणीकडची जैन माणसं, मराठी-कानडी दोन्हीकडं चालता. आमचं तसं न्हाय. माझ्या बापानं जेल भोगलाय."

"भीमसेनअण्णा, अशानं ते कायमचे गप होतील."

"होऊ देत. अब्रू तर ऱ्हाईल!"

त्यानंतर कन्नडात मागितलेलं काहीच अण्णांना मिळेना. मराठी त्या एका 'ये'च्या पुढं गेली नाही, आणि अण्णांनी मागणंच सोडलं. ब्राह्मी म्हैसूरला गेली. भांडून भांडून तिनं सरांकडून विषय मान्य करून घेतला. तिनं मला तसं कळवलं, पण मला आनंद करवेना.

दिवाळीनंतर अण्णा गेले. शोकसभेला ब्राह्मी आली होती. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "अखेरच्या श्वासापर्यंत अण्णांच्या तोंडी परकी भाषा आली नाही." लोकांनी माना डोलावल्या. त्या चहा न घेता उठलेल्यांनीसुद्धा.

सभेनंतर आम्ही तानीबाईकडे गेलो. ब्राह्मीनं एवढंच विचारलं, "शेवटी काही बोलले का?"

"बोलले की. अव्वा म्हणाले. पुढं आणि कायतरी म्हणणार व्हते. पर माणसं बसलेली, बाई. मी त्येंच्या तोंडावर हात ठिवला." तिनं आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. "व्हट लई कोरडे व्हते."