काजातून न जाणारी बटणं

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची एसटी लागली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पिशव्या वर चढवून दिल्या आणि लगेच खाली उतरले. खिडकीपाशी काही आले नाहीत. आईच म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. आन् त्यांचं मनावर घेऊ नगं." नवऱ्यामागं मी पुण्याला जाऊ नये, दोघांनी गावातच राहावं, एवढंच अण्णांचं म्हणणं होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यात मी एका बुटिकसाठी बटणं सजवते. गावाकडच्या मैत्रिणी हसतात, "बटणाला बी मेकअप लागतो व्हय?" लागतो बाई! साध्या प्लास्टिकच्या बटणावर खणाचा तुकडा चिकटवायचा, कडेनं रेशमाचा दोरा फिरवायचा, वर मणी, टिकली, कधी रंगाचा ठिपका. बुटिकवाल्या मॅडमचं 'फिनिशिंग, फिनिशिंग' चालूच असतं. संध्याकाळी मान वर होत नाही, बोटांवरचा गम साबणानंही सुटत नाही. खरं सांगते, लई कंटाळा येतो. सोडून जावं वाटतं, पण जायचं कुठं? परंड्याला गेलं की दोन दिवसांत मी पाहुणी होते. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, मागं राहिलेल्यांना मात्र ते पटत नाही.

इतक्या वर्षांत अण्णा एकदाही माझ्या खोलीवर आले नव्हते. "मला काय काम तिथं?" म्हणाले की विषय संपला. तेवढं एक आत सलत होतं. म्हणून यंदा त्यांना नेहरू शर्ट शिवून पाठवला, वर माझ्या हातची खणाची बटणं. हाच घालून या, असा निरोप दिला.

आईचा फोन आला, "अगं, बटणं काजातनं जाईनात की!"

मी कपाळावर हात मारला. आमची बटणं मण्यांनी फुगलेली, नुसती शोभेची, खाली प्रेसबटण असतं. बटण लावायचं असतं, हेच माझ्या ध्यानातून गेलं होतं. "राहू दे, दुसरा घाला म्हणावं," असं बोलून फोन ठेवला आणि रडले. आता कशाचे येतात अण्णा!

रविवारी नवरा त्यांना स्टेशनवरून घेऊन आला. अंगात तोच शर्ट, गळ्यापर्यंत बंद. जवळून पाहिलं तर आईनं काजपट्टी टाके घालून शिवूनच टाकली होती, तीही अंगावर.

"अंगावर शिवायचं म्हणून तोंडात काडी धराया लावली तुझ्या आईनं," अण्णा म्हणाले. "लई उकडतंय. उसव आता."

मी ब्लेडनं टाके उसवायला बसले.

"बटणं झ्याक हायती पण," ते म्हणाले. "स्टँडवर लोक इचारत हुते, कुणी केली म्हणून."

दुसऱ्याच्या घरी अण्णा दुपारी कधी आडवे होत नाहीत. सख्ख्या बहिणीकडंसुद्धा भिंतीला टेकून बसतात आणि चहा झाला की निघतात. त्या दिवशी मात्र मण्यांच्या डब्या बाजूला सारून ते बनियनवरच माझ्या सतरंजीवर पाय पसरून झोपले. घोरायलाही लागले. मी दार लोटलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. मॅडमचा फोन वाजला, तो उचलला नाही. आजवर मी त्या जागेला खोलीच म्हणत आले होते. त्या दुपारी मनातल्या मनात पहिल्यांदा घर म्हटलं.